तिसरं वाक्य

श्रूजबरीतल्या घरात रत्ना दुपारच्या पोळ्या करत होती. तिची लेक नैना ओट्याशी बसून कॉलेजच्या लॉजिकच्या टेस्टची तयारी करत होती.

"डिडक्शन म्हणजे काय गं?" रत्नाने विचारलं.

"सिंपल आहे, आई. पहिली दोन वाक्यं खरी असली, की तिसरं खरं असतंच. आपल्याला नको असलं तरी."

"नाही कळलं. घरातलं एखादं एक्झाम्पल दे."

"ओके. पहिलं वाक्य. आपल्या घरातला प्रत्येक जण बूट दारात काढूनच आत येतो."

रत्ना हसली. "तुझ्या बाबांनी तर प्लंबरलाही काढायला लावले होते."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर, लाकडी फ्लोअरवर, बुटांच्या टाचा वाजल्या.

"बाबा लवकर आले वाटतं," रत्ना म्हणाली.

नैनाने दाराकडे पाहिलं. तिथे फक्त त्या दोघींच्या चपला होत्या.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "दुसरं वाक्य. वर कुणीतरी बूट घालून चालतंय."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. रत्नाने पिठाच्या हातानेच तिचं मनगट धरलं आणि तिला अनवाणीच दाराकडे ओढलं.

"तिसरं बाहेर गेल्यावर बोल."