समोर या, मग सांगते

"समोर या, मग सांगते," म्हणत मावशींनी रिसीव्हर आपटला आणि काउंटरपुढच्या सातही पेशंटांनी माना वर केल्या.

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये मालक-डॉक्टरांवर फोन आपटायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. त्यातून काउंटर सांभाळणाऱ्या मावशी आधीच डाग लागलेल्या. गेल्या वर्षी 'कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका गोडबोल्याला त्यांनी मोबाइलवर आलेला, लॅबची सिस्टिम उघडायचा सहा आकडी कोड सांगून टाकला होता. दुसऱ्या दिवशी चारशे पेशंटांचे रिपोर्ट चव्हाट्यावर. कुणाची साखर, कुणाचं लग्नाआधीचं गरोदरपण. "पुन्हा असं झालं तर घरी बसा," डॉक्टरांनी बजावलं होतं.

तेव्हापासून मावशींचा स्वतःपुरता कायदा होता: कोड तोंड बघून द्यायचा, आवाज ऐकून नाही.

"आणि देवाचा फोन आला तर?" टेक्निशियन चिडवायचा.

"त्यालाही आधी दर्शन द्यावं लागेल."

आज डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला बैठकीला गेलेले. पावणेअकराला मावशींच्या मोबाइलवर कोड टपकला आणि लगोलग काउंटरवरचा जुना फोन वाजला. डॉक्टरांचाच घोगरा आवाज, दर वाक्याआधी खाकरायची तीच खोड. "मावशी, तुमच्यावरच तर लॅब चालते. सिस्टिम उघडायचीय, तेवढा कोड सांगा बघू." मावशींनी नाही म्हटलं. आवाजाने आर्जवं केली. मावशी बधल्या नाहीत.

अकराला दुसरा कोड, दुसरा फोन. या वेळी साखर संपली होती. "सिस्टिम मला दारातूनच हाकलतेय! कोड द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

गरज आहे तोवर गूळ, नाही म्हटलं की मिरची. वीस वर्षांत हा स्वभाव मावशींना तोंडपाठ झाला होता. नोकरी गेली तर धाकटीच्या कॉलेजचं काय, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी रिसीव्हर आपटला तो आपटलाच.

"अहो, आवाज ओळखला नाहीत का?" टेक्निशियनचा चेहरा पडला.

"ओळखला की. त्यांचाच होता. म्हणून काय झालं?"

पाऊण तासाने दार धाडकन उघडलं. डॉक्टर लालबुंद होऊन थेट काउंटरशी आले. "मी स्वतः फोन करतो आणि तुम्ही आपटता?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. "आपटला. आधी लाडीगोडी लावलीत तेव्हा नाही म्हटलं, नंतर धमकी दिलीत तेव्हाही नाहीच म्हटलं. कामावरून काढायचं तर आत्ता काढा, पण फोनवर कोड मी मेल्यावरसुद्धा देणार नाही." त्यांनी मोबाइल डॉक्टरांपुढे धरला. "आता समोर आहात, तर घ्या. हा पावणेअकराचा, हा अकराचा."

डॉक्टरांचा पुढे आलेला हात हवेतच थांबला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग मावशींकडे. खाकरले.

"मावशी, मी फोन एकदाच केला. अकराला."