डोळे असलेला ठोकळा

एकटा राहणारा इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी एका वेबसाइटवर कॉलेजच्या अनोळखी मुलांची अडलेली गणितं सोडवून द्यायचा. तेवढंच कुणाशी तरी बोलणं. आज उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित आलं. वहीचा फोटो मोठा करून पाहिला, तर ठोकळ्याला दोन डोळे काढलेले! "डोळे काढ, ठमे. ठोकळा जिकडे बघतो तिकडे घसरतो, घर्षण पाठीमागून ओढतं," हे त्यानंच लेकीला शिकवलं होतं. सहा वर्षांपूर्वी ती आईसोबत गेली, तेव्हापासून त्याचा फोन उचलत नव्हती. एरवी तो उत्तरापर्यंत पोचवायचा; आज मुद्दाम शेवटची पायरी सोडली. खाली लिहिलं, "पुढे अडलं तर विचार." आणि स्क्रीनकडे डोळे लावून बसला. दोनच मिनिटांत उत्तर आलं, "जमलं, सर. थँक्यू!" त्यानं "शाब्बास, ठमे" लिहिलं, मग दुसरा शब्द खोडून पाठवलं.