तेवढा एक खडक

"मॅडम, तेवढा एक खडक नकाशात दाखवू नका," सर्वेक्षणाच्या बोटीला आपली होडी लावत भालचंद्र तांडेल काकुळतीला आला. "पाण्याखालची ती जागा फक्त आमच्या घराला ठाऊक. तिथल्या मासळीवर पोट आहे आमचं. नकाशात आली की सगळे ट्रॉलर तिथंच येतील!"

"आणि खडकावर एखादं जहाज आपटलं तर?" खोली मोजणाऱ्या यंत्रावरून नजर न हटवता सर्वेक्षक मृण्मयी म्हणाली. तांडेल तोंड फुगवून गेला.

नवा नकाशा निघाला. खडक बघून जहाजं लांबून जाऊ लागली. जाळी फाटतील म्हणून ट्रॉलरही फिरकेनात.

एका सकाळी तांडेल भलीमोठी सुरमई घेऊन धक्क्यावर हजर. "मॅडम, शेजारी आणखी एक खडक दाखवा ना!"

"अहो, पण तिथं खडक आहे कुठे?"

"म्हणून तर सुरमई आणली!"