धक्क्यावरची नर्स

"तिला बोटीत तरी बसवू या का?" टायपिस्टबाईंनी वही पुढे सरकवली.

"मास्तरांना विचारल्याशिवाय?" घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही.

मास्तर जाऊन आठ महिने झाले होते.

घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत हे तिघं दर रविवारी सकाळी मिळून एक कादंबरी लिहीत. कप्तान घड्याळजींचा, चोर टायपिस्टबाईंचा, नर्स मास्तरांची. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या पात्राला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. मास्तर तर फारच काटेकोर. नर्सनं चोराकडे नुसतं हसून बघायचं असलं, तरी म्हणत, "पुढच्या रविवारी सांगतो." गणिताचे मास्तर, पण बाईमाणसाच्या मनातलं असं लिहीत की टायपिस्टबाई थक्क होत. दोघं त्यांची थट्टा करत आणि त्यांच्यावर जीवही टाकत.

आता नर्स बॅग घेऊन धक्क्यावर बसलेली. तिला सोडून बोट निघणं शक्यच नव्हतं. म्हणून आधी वादळ झालं, मग इंजिन बिघडलं, मग कप्तानाला गोवर निघाला. कादंबरी पुरी करायची छाती होत नव्हती आणि अर्धवट सोडवतही नव्हती.

शेवटी त्यांनी मास्तरांच्या पत्नीला बोलावलं. नर्सवर हक्क आता त्यांचाच.

वहिनी आल्या, चष्मा पुसून शेवटची पानं वाचू लागल्या. घड्याळजींनी आज डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

"वहिनी, मास्तरांची आठवण म्हणून तिला जिथल्या तिथे ठेवलंय," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात, तर जपून पलीकडे पोचवतो. तिच्या तोंडी एक शब्द घालणार नाही."

वहिनींचे डोळे भरले होते, पण आवाज चढला.

"आठ महिने बिचारीला पावसात बसवून ठेवलंत? मला आधी विचारायला काय झालं होतं?"

"तुम्हाला कशाला त्रास, म्हणून..."

वहिनींनी टायपिस्टबाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"अहो, यांना साधं पत्र धड लिहिता येत नव्हतं. आठवडाभर मी सांगायचे, ते हे इथे येऊन उतरवायचे. गेले ते हे. नर्स माझी आहे, आणि मी अजून आहे!"