खडूची चव

कोटाची बाही आपणहून हलली आणि टेलरमास्तरला बोलावू लागली. खिडकीतलं दुपारचं ऊन पाण्यासारखं टेबलावर पसरलं होतं आणि त्यात कात्री तरंगत होती. मास्तरला दरदरून घाम फुटला. सकाळी त्याने साखर कमी करणारं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, मग ओठांत टाचण्या धरल्या आणि जेवण राहूनच गेलं. तोंडात टाचण्या असल्या की शिंप्याला भुकेचीही आठवण राहत नाही.

साखर उतरली, एवढं त्याला कळलं. टाचण्या थुंकून त्याने टेबलावरचा डबा चाचपला, पांढरा खडा तोंडात टाकला आणि कापडाच्या ढिगावर आडवा झाला.

ताईने आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला होता. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या जोडल्या. मज्जातंतू मात्र जोडता येत नाहीत, म्हणाले. रुजले तर आपले आपण रुजतील. तोवर साखर उतरली आणि मेंदूने कितीही हाका मारल्या, तरी यकृताला त्या धड ऐकू जाणार नाहीत. साठवलेली साखर ते वेळेवर सोडणार नाही. मागच्या खेपेला मास्तर दुकानातच कोसळला आणि ताईने साखरपाणी पाजलं तेव्हा उठला. त्या दिवशी तिने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं आणि तुझं तुला सावरता आलं नाही, तर दुकानाची किल्ली माझ्याकडे." दुकान म्हणजे मास्तरचा जीव की प्राण.

आता त्याला लहानपणची ताई दिसत होती. फ्रॉकमधली, मूठ आवळून उभी. मुठीत साखर होती. तो "दे ना, दे ना" करत होता आणि ती ढिम्म हलत नव्हती. हाका मारमारून त्याचा घसा कोरडा पडला. मग कसं कोण जाणे, तिचं एकेक बोट उलगडत गेलं. अंगभर गोडवा पसरला. त्याला फार बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा ताई जेवणाचा डबा घेऊन आत येत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ती दारातच थबकली.

"किल्ली मागू नकोस," तो घाईने म्हणाला. "माझी मी साखर खाल्ली. माझं मी सावरलं."

ताईने रुमालाने त्याचे ओठ पुसले. रुमालाकडे बघितलं. मग टेबलावर शेजारी शेजारी असलेले दोन सारखे डबे उचलून पाहिले.

"शहाणाच आहेस. साखरेचा डबा अजून फोडलेलासुद्धा नाही. तू कापडावर खुणा करायचा खडू खाल्लास."

मास्तरने ओठांवरून जीभ फिरवली. चव मातकट होती.

"मग मला साखर दिली कुणी?"

ताईचे डोळे भरून आले. तिने त्याच्या उजव्या बरगडीखाली, यकृतावर, हळूच हात ठेवला.

"इथे आता तुझी हाक ऐकू जाते," ती म्हणाली. "चल, जेवून घे. किल्ली राहू दे तुझ्याकडेच."