दोघांची आत्या

स्मशानाच्या कचेरीत पाऊल टाकलं आणि धाकट्याला बाकावर बसलेला दादा दिसला. म्हणजे फोन त्यालाही गेला होता तर. धाकटा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. मध्ये एक अख्खं कुटुंब मावेल एवढी जागा राहिली. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा तसाच चिकटलेला होता. सुतारकाम अर्धवट टाकून तो आला होता, तेही ‘तुमचा फोन चुकून आलाय’ एवढं सांगायला.

टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

“तुमच्या आत्याच्या अस्थी इतकी वर्षं आमच्याकडे पडून आहेत. लग्न नाही, मूलबाळ नाही. कायद्यानं जबाबदारी तुम्हा दोघा भाच्यांची. एकानं न्यायच्या, दुसऱ्यानं हरकत नाही म्हणून सही करायची. नाहीतर आज संध्याकाळी मागच्या सामाईक खड्ड्यात जातील. बेवारस म्हणून.”

बेवारस! धाकट्याच्या कानाखाली कुणीतरी सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. आईच्या माघारी दोघा पोरांना जिनं घास भरवून वाढवलं, ती बेवारस?

“बाई, काहीतरी घोटाळा आहे,” तो म्हणाला. “आत्याला इथून कधीच नेलंय. ज्यानं नेलं त्याला विचारा.”

“यांना सांगा,” दादा समोरच्या भिंतीला म्हणाला, “उलट्या बोंबा मारू नका म्हणावं.”

“यांना सांगा, चोर तो चोर वर शिरजोर.”

“मी काय टेलिफोन आहे?” बाई उसळल्या. “एवढ्याशा खोलीत मला मध्ये घालून कशाला बोलताय? एकमेकांना तोंडं आहेत ना?”

तोंडं होती. पण आत्याला अग्नी दिला त्या दिवशी याच फाटकात त्यांची जुंपली होती, शेवटच्या दुखण्यात तिचं कुणी किती केलं यावरून. दोघं दोन दिशांना गेले, ते गेलेच. दूध उतू जाऊन आटलं, तरी करपल्याचा वास घरभर राहावा तसा अबोला तेवढा राहिला. अहंकाराचं असंच असतं बघा, माणसाला उपाशी ठेवतो आणि वर ढेकर द्यायला लावतो.

बाई उठल्या. पाठीमागच्या फडताळातून त्यांनी एक डबा काढला, पदरानं त्यावरची धूळ टिपली आणि टेबलावर ठेवला. झाकणावर आत्याचं नाव होतं. भोवतीची दोरी जशीच्या तशी.

“कुणी नेलं नाही यांना. गाठसुद्धा सुटलेली नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या पाठीशीच बसल्यात.”

धाकटा त्या गाठीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवली. भिंतीकडे नाही, बाईंकडे नाही, थेट दादाकडे.

“तू नेलं नाहीस?”

“मी?” दादा गडबडला. “अरे, दुसऱ्या दिवशी अस्थी न्यायला तू येणार, म्हणून मी फिरकलोच नाही. तुझं तोंड बघायचं नव्हतं मला.”

“मी पण म्हणूनच आलो नाही.”

“आणि मी इतकी वर्षं तुला शिव्या मोजतोय! एकट्यानं नेलं म्हणून. मला साधं बोलावलंसुद्धा नाही म्हणून.”

“मग मी काय तुझे गोडवे गात होतो?”

हसू आधी बाईंना फुटलं. मग दादाला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्यानं कपाळ दोन्ही तळव्यांत धरलं.

“दोन दोन भाचे असून,” तो तळव्यांतूनच बोलला, “फडताळात बसली रे ती.”

धाकट्याला काय करावं कळेना. तो बाकावरून सरकत सरकत दादापर्यंत गेला आणि नुसता बसून राहिला. खांद्याला खांदा लागला, तो त्यानं काढून घेतला नाही.

बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. देवानं बाईमाणसाला एवढी उमज दिलेली असते. मग त्यांनी हळूच पेन पुढं सरकवलं.

“कोण नेणार?”

“हा नेईल,” दोघं एकदमच म्हणाले.

“मघाशी ‘तूच नेलंस’वरून भांडत होतात, आता ‘तूच ने’वरून भांडा!”

“थोरला तू आहेस,” धाकटा म्हणाला.

“लाडका तू होतास. आणि गाडी मी चालवणार. डबा मांडीवर धरायला माणूस नको?” दादानं पेन उचललं आणि हरकत नसल्याची सही ठोकून दिली.

“पण न्यायचं कुठं?”

“आधी तुझ्या घरी, मग माझ्या घरी. तिला सगळ्यांना बघू दे. पुढचं दोघं मिळून ठरवू.”

बाहेर दादाचा मालाचा टेम्पो उभा होता. धाकटा पुढच्या सीटवर बसला, डबा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. पोती वाहायच्या सवयीनं दादानं गाडी दणक्यात काढली. फाटकाबाहेरचं वळण आलं.

“दादा, सावकाश,” धाकटा म्हणाला. “तिला गाडी लागते.”

दादानं टेम्पो हळू केला, जवळजवळ थांबवलाच. मग धाकट्याच्या अंगावरून हात नेऊन त्यानं तिच्या बाजूची काच खाली केली.