दर दिवाळीचा जिना

नातीने टॅबवर व्हिएन्नातली दोन जुनी हॉटेलं समोर ठेवली. "आजी, आज बुकिंग करायलाच हवं. कुठलं करू?"

मी लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. अठ्ठ्याहत्तर साली ह्यांच्या कंपनीने आम्हा दोघांना तिथेच उतरवलं होतं. लाल गालिच्याचा जिना, मुठीत न मावणारी पितळी किल्ली, चांदीच्या किटलीतली कॉफी. ह्यांचा हात धरून उतरलेला तो जिना मला एकदा परत पाहायचा होता.

"बघ कुमुद, हाच तो," मी धाकट्या जावेला म्हणाले. तेव्हा माझी मुलं सांभाळायला ती सांगलीतच थांबली होती. आता दोघींच्याही मागे सांभाळायला कुणी नाही, आणि तिचा हा पहिलाच परदेश प्रवास.

तिने चष्मा पुसून दुसरं हॉटेल नीट पाहिलं. "मला हे हवंय, जाऊबाई."

"अगं, पण ते मला ठाऊक नाही."

"म्हणूनच. तुमचा जिना मी दर दिवाळीला फराळाच्या ताटावर बसून चढलेय. किल्लीचं वजनसुद्धा पाठ आहे मला. तिथे तुम्ही दाखवत सुटणार आणि मी मान डोलावणार. इथे आपण दोघीही नव्या."

नात हसू दाबत माझ्याकडे बघत होती. जिन्याचा फोटो मी आणखी थोडा वेळ पाहिला, मग बोट उचललं.

"दुसरं कर," मी म्हणाले. "पण यंदा फराळाला तिथलं सांगायचं कुणी?"

"मी," कुमुद म्हणाली. "तुम्ही नुसतं हो म्हणायचं."